सिमेंट कामगारांचा संघ आणि त्र्याण्णवावे मिनिट

मेक्सिको देशाच्या बोलीभाषेत गेल्या काही वर्षांत एक नवे क्रियापद रुजले आहे. 'क्रूसासूलेआर'. हातातोंडाशी आलेला घास शेवटच्या क्षणी घालवणे, असा त्याचा अर्थ. खेळाच्या पानावर तो शब्द सर्रास छापला जातो. एखाद्या फुटबॉल संघाच्या नावावरून क्रियापद तयार व्हावे आणि तेही पराभवाचे, ही त्या संघाच्या चाहत्यांसाठी केवढी मानहानी! हा संघ म्हणजे 'क्रूस आसूल'. मराठीत सांगायचे तर निळा क्रॉस. निळ्या रंगाचे आपल्या घरांत वेगळे अप्रूप आहे. पण हा निळा रंग आला आहे तो सिमेंटच्या छापावरून. या संघाचा जन्म सिमेंटच्या कारखान्यात झाला. आणि त्या कारखान्याची कथा ऐकल्यावर, ज्या रात्री या शब्दाला खरी धार चढली त्या २६ मे २०१३ च्या अंतिम सामन्याकडे आपण निव्वळ खेळ म्हणून पाहू शकणार नाही.

आपल्याकडे क्रिकेटचा धावफलक लहान पोरालाही पाठ असतो. फुटबॉल म्हटले की चार वर्षांतून एकदा विश्वचषकाच्या वेळी रात्र जागवायची, एवढाच बहुतेकांचा संबंध. तरीही ज्या मैदानावर ही गोष्ट घडली ते आपल्यातील अनेकांनी दूरदर्शनवर पाहिलेले आहे. १९८६ साली मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध एक गोल हाताने आणि दुसरा निम्मे मैदान एकट्याने पार करून केला, ते मेक्सिको शहरातील अझ्टेका मैदान. त्या काळी लाखभर माणूस सहज मावत असे, असे ते प्रचंड बांधकाम. २०१३ मध्ये त्याच गवतावर दोन मेक्सिकन संघ समोरासमोर आले. एक क्रूस आसूल आणि दुसरा क्लब आमेरिका.

बंद पाडण्यासाठी विकत घेतलेला कारखाना

मेक्सिको शहराच्या उत्तरेला इदाल्गो नावाचे राज्य आहे. तेथील हासो या गावी १८८१ मध्ये हेन्री गिबन या इंग्रज गृहस्थाने एका जमीनदारी वाड्याच्या जागेत कारखाना काढला. तोच पुढे क्रूस आसूल सिमेंटचा कारखाना झाला. सिमेंटच्या कामात माणसाचे काय होते हे बांधकामावर राबलेल्या आपल्या माणसांना ठाऊक आहे. अंगाला धूळ, घशाला धूळ, जेवणाच्या डब्यात धूळ. अशा त्या कारखान्यातील कामगारांनी १९२७ मध्ये फुटबॉलचा संघ उभा केला. पाळी संपल्यावर खेळायचे, सुटीच्या दिवशी शेजारच्या गावाशी सामना करायचा, एवढाच त्या काळी त्याचा पसारा.

१९३१ मध्ये जगभर मंदी होती. सिमेंटला गिऱ्हाईक नव्हते. 'ला तोल्तेका' नावाच्या मोठ्या प्रतिस्पर्धी कंपनीने हासोचा कारखाना विकत घेतला. कशासाठी? चालवण्यासाठी नव्हे, तर बंद करण्यासाठी! बाजारातील एक स्पर्धक कमी झाला की आपल्या मालाचा भाव टिकतो, असा तो सरळ हिशेब होता. कामगारांचे काय होईल हा प्रश्न त्या हिशेबात कोठेच नव्हता. गिरणीचा भोंगा ज्या घरांत एका सकाळी वाजेनासा झाला, त्या घरांतील वाचकांना ही गोष्ट फोड करून सांगायला नको.

हासोचे कामगार मात्र घरी बसले नाहीत. २ नोव्हेंबर १९३१ रोजी त्यांनी कारखाना आपल्या ताब्यात घेतला. मेक्सिकोत तो दिवस पूर्वजांच्या स्मरणाचा. लोक कबरींवर झेंडूची फुले वाहतात. त्या दिवशी एका मरू घातलेल्या कारखान्याची धुगधुगी कामगारांनी टिकवली, असे म्हटले तरी चालेल. पुढे कज्जे झाले, सरकार दरबारी खेटे झाले. १९३२ मध्ये इदाल्गो राज्याच्या सरकारने कारखाना कामगारांच्या बाजूने संपादित केला आणि १९३४ मध्ये १९२ कामगारांनी रीतसर सहकारी संस्था स्थापन केली. म्हणजे फुटबॉलचा संघ हा सहकारी संस्थेपेक्षा सात वर्षांनी मोठा! कारखाना मालकाचा होता तेव्हाचा तो संघ, कारखाना कामगारांचा झाल्यावर कामगारांचा झाला.

नंतरच्या काळात संस्थेने घरे बांधली, शाळा काढल्या, दवाखाना काढला. हासोच्या त्या वसाहतीला आज 'सिउदाद कोओपेरातिवा क्रूस आसूल', म्हणजे क्रूस आसूल सहकार नगर असेच नाव आहे. तेथील फुटबॉल मैदानाचे नाव '१० डिसेंबर'. १९६४ मध्ये या गावच्या संघाने देशाच्या पहिल्या श्रेणीत प्रवेश मिळवला आणि पाचच वर्षांत, १९६८-६९ च्या हंगामात, थेट विजेतेपद पटकावले. शहरी पत्रकार भोपळे मोजत बसले असतील! १९७१ मध्ये संघाने हासो सोडले आणि मेक्सिको शहरात मुक्काम हलवला. गावकऱ्यांना त्याचे काय वाटले असेल हे निराळे सांगायला नको. पोरगा नोकरीला मुंबईला जातो तेव्हा आईला अभिमानही वाटतो आणि चूलही सुनी वाटते.

समोरचा संघ

आता समोरच्या संघाविषयी. नाव आमेरिका असले तरी त्याचा संयुक्त संस्थानांशी काही संबंध नाही. १२ ऑक्टोबर १९१६ रोजी, कोलंबस जेथे उतरला त्या घटनेच्या स्मरणदिनी, मेक्सिको शहरातील पोरांनी हा संघ काढला म्हणून खंडाचे नाव दिले. १९५९ मध्ये तो एमिलिओ आस्काररागा मिल्मो या धनिकाने विकत घेतला. पुढे याच घराण्याच्या हातात 'तेलेविसा' ही मेक्सिकोतील सर्वांत बलाढ्य टेलिव्हिजन कंपनी आली. अझ्टेका मैदानही त्यांचेच, १९६६ मध्ये उघडलेले. संघ आपला, मैदान आपले, सामना दाखवणारा पडदाही आपला!

हे आस्काररागा १९९३ मध्ये जाहीरपणे असे म्हणाले होते की, मेक्सिकोतील गरीब वर्ग पिचलेला आहे, तो त्या अवस्थेतून काही बाहेर पडणार नाही, आणि अशा लोकांचे मन रमवून त्यांना त्यांच्या दुःखाचा विसर पाडणे हे टेलिव्हिजनचे कर्तव्य आहे. शब्द त्यांचे होते ते याहून शिवराळ होते. गरिबाने बदलायचे नाही, फक्त रमायचे! १९९७ मध्ये ते वारले आणि कारभार मुलाकडे गेला. २०१३ च्या सामन्याच्या वेळी संघ आणि मैदान दोन्ही तेलेविसाकडेच होते.

म्हणून क्रूस आसूल विरुद्ध आमेरिका हा सामना म्हणजे सिमेंटचे पोते विरुद्ध टीव्हीचा पडदा, असे चित्र रंगवण्याचा मोह होतो. तो थोडा आवरला पाहिजे. आमेरिकाच्या चाहत्यांत लाखो गरीब, रोजंदारीवरची माणसे आहेत. आणि २०१३ च्या क्रूस आसूल संघात सिमेंट मळणारा एकही नव्हता. कोलंबियाचा आघाडीपटू, अर्जेंटिनात जन्मलेला मध्यरक्षक, गलेलठ्ठ करार. कामगारांच्या घामाचा पैसा त्या करारांत किती जातो, हा प्रश्न सहकारी संस्थेतील सभासदही विचारत होतेच. पण चित्र अर्धे खरे असले तरी त्यात अर्धे खरे आहे. जुन्या चाहत्यांना ९ जुलै १९७२ हा दिवस आठवतो. त्या दिवशी अंतिम सामन्यात, त्याच अझ्टेकावर, सिमेंटवाल्यांनी आमेरिकाचा ४-१ असा फडशा पाडला होता. तो दशकभर त्यांचाच काळ होता. १९७२, १९७३, १९७४ अशी सलग तीन विजेतेपदे, पुढे १९७९ आणि १९८० अशी आणखी दोन.

त्यानंतर मात्र थेट १९९७. डिसेंबरच्या ७ तारखेला लेओन शहरात जादा वेळ चालू होता. जो आधी गोल करील तो जिंकला, असा तेव्हाचा नियम. क्रूस आसूलचा कार्लोस एर्मोसियो चेंडूवर झेपावला आणि समोरच्या गोलरक्षकाची लाथ त्याच्या तोंडावर बसली. पंचाने पेनल्टी दिली. रक्ताळलेल्या चेहऱ्याने एर्मोसियोने चेंडू जाळीत मारला. ते छायाचित्र मेक्सिकोतील कित्येक घरांत भिंतीवर आहे. पुढची साडेतेवीस वर्षे त्या चाहत्यांना दाखवायला दुसरे छायाचित्र मिळाले नाही.

एप्रिलचा चषक, मेचा सामना

२०१३ चा उन्हाळा क्रूस आसूलसाठी बरा सुरू झाला होता. मेक्सिकोत लीगबरोबर एक वेगळी चषक स्पर्धाही असे. 'कोपा एमेएक्स' नावाने ती २०१२ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आली होती. एप्रिलमध्ये कानकून येथे तिच्या अंतिम सामन्यात क्रूस आसूलची गाठ आत्लांते संघाशी पडली. गोल एकही झाला नाही; निकाल पेनल्टीवर लागला आणि चषक क्रूस आसूलने नेला. सोळाव्या वर्षी कपाटात काही तरी आले. प्रशिक्षक गियेर्मो वास्केस यांचे कौतुक झाले. पण चषक हा धाकटा भाऊ. थोरला म्हणजे लीग. दीड महिन्याने थोरल्याची पाळी आली.

मेक्सिकन लीगचा नियम येथे सांगायला हवा, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून निघतो. तेथे वर्षाला एक नव्हे, दोन विजेते निघतात. वर्षातून दोन छोट्या स्पर्धा. साखळीत पहिले आलात म्हणून विजेते ठरत नाही. २०१३ मध्ये पहिले आठ संघ बाद फेरीत जात आणि तेथे प्रत्येक फेरीत दोन सामने, एक आपल्या घरी, एक पाहुण्यांच्या घरी. दोन्हींचे गोल मिळवून निकाल. वर्षभर अभ्यास केलेला पोरगा तोंडी परीक्षेच्या एका प्रश्नावर नापास व्हावा, तसे येथे होऊ शकते.

अंतिम फेरीचा पहिला सामना क्रूस आसूलच्या घरी, बैलझुंजीच्या भल्या मोठ्या रिंगणाला लागून असलेल्या त्यांच्या निळ्या मैदानावर झाला. क्रिस्तियान हिमेनेसने गोल केला. १-०. तीन दिवसांनी, रविवारी २६ मे रोजी, अझ्टेका.

पावसाची रात्र होती. चौदाव्याच मिनिटाला आमेरिकाच्या हेसुस मोलिनाला लाल कार्ड मिळाले आणि यजमानांचे दहाच खेळाडू उरले. विसाव्या मिनिटाला तेओफिलो गुतिएरेसने गोल केला. दोन सामन्यांचे मिळून क्रूस आसूल २-० ने पुढे. समोर दहा जण. उरली सत्तर मिनिटे. हासोच्या सहकार नगरात त्या वेळी काय वातावरण असेल, याची कल्पना ज्याने कधी निकालाच्या दिवशी भिंतीवरील यादीत मुलाचे नाव शोधले आहे, त्याला येईल.

आणि येथेच पहिली चूक झाली. ती कोणा एकाची नव्हती. पुढे असलेला संघ दोन गोष्टी करू शकतो. एक तर आणखी एक गोल करून दार कायमचे लावून घ्यायचे, नाही तर आहे ते सांभाळत घड्याळाकडे पाहत बसायचे. क्रूस आसूलला तिसरा गोल करता आला नाही आणि हळूहळू संघ मागे मागे सरकत गेला. दहा जणांच्या आमेरिकाचे प्रशिक्षक मिगेल एरेरा, ज्यांना सगळा देश 'पिओहो' म्हणजे ऊ या टोपणनावाने ओळखतो, ते मैदानाच्या कडेला भिजत, ओरडत उभे होते. त्यांच्यापाशी गमावण्यासारखे काही उरलेच नव्हते.

नव्वद मिनिटांचा खेळ. अठ्ठ्याऐंशी मिनिटे सरली. काही प्रेक्षक तर घराकडे निघालेही होते. एक उंच चेंडू गोलासमोर आला आणि आमेरिकाचा कोलंबियन बचावपटू आकिवाल्दो मोस्केरा याने तो डोक्याने आत ढकलला. आता फरक एकाच गोलाचा.

वाढीव वेळेचे तिसरे मिनिट. आमेरिकाला कॉर्नर मिळाला. हाच शेवटचा डाव. तेव्हा आमेरिकाचा गोलरक्षक मोइसेस मुन्योस आपले गोल मोकळे सोडून सगळे मैदान पार करून पुढे आला. गोलरक्षकाने असे करणे म्हणजे घराला कुलूप न लावता बाजाराला जाणे! हा मुन्योस आदल्या वर्षी, २०१२ मध्ये, एका भीषण मोटार अपघातातून वाचलेला. चेंडू वळत आला. मुन्योसने अंग झोकून डोके लावले. चेंडू क्रूस आसूलच्या आलेहांद्रो कास्त्रोला लागला, त्याची दिशा बदलली आणि गोलरक्षक कोरोना पाहत असतानाच तो जाळीत गेला. (होय, त्या गोलरक्षकाचे आडनाव कोरोनाच. होसे दे हेसुस कोरोना. आपल्याला हे नाव पुढे भलत्याच कारणाने पाठ झाले.)

२-१. दोन सामन्यांचे मिळून २-२. गोलरक्षकाने गोल केला होता!

जादा वेळेच्या तीस मिनिटांत कोणाचाच गोल झाला नाही. दहा जणांनी अकरांना तोपर्यंत तोलून धरले होते, ही गोष्ट आमेरिकाच्या बाजूने नोंदवलीच पाहिजे; सगळेच नशिबाने झाले असे म्हणणे त्या दहा जणांवर अन्याय करणारे ठरेल. मग पेनल्टी. मुन्योसने हाव्हिएर ओरोस्कोचा फटका अडवला. आणि कास्त्रो, तोच कास्त्रो ज्याला लागून चेंडू आत गेला होता, तो पेनल्टी घ्यायला आला. ओल्या गवतावर त्याचा पाय घसरला. चेंडू बाहेर. शेवटचा फटका आमेरिकाच्या मिगेल लायूनने मारला आणि ४-२ असे विजेतेपद आमेरिकाचे झाले. त्यांचे ते अकरावे.

दीड महिन्यापूर्वी पेनल्टीवर जिंकलेले, पेनल्टीवरच हरले.

दोन माणसे

या सामन्यावर बोलताना सगळे मुन्योसविषयी बोलतात. ते योग्यच आहे. पण लेखकाला राहून राहून दोन निराळी माणसे आठवतात, कास्त्रो आणि लायून.

लायून हा आमेरिकाचाच खेळाडू, पण आमेरिकाच्याच चाहत्यांनी त्याला वर्षभर छळले होते. समाजमाध्यमांवर एक टवाळी निघाली होती: सगळा दोष लायूनचा! संघ हरला, दोष लायूनचा. रस्त्यात गाडी बंद पडली, दोष लायूनचा. पाऊस आला, दोष लायूनचा. लाखो लोकांनी ही थट्टा पुढे पुढे ढकलली. थट्टा करणाऱ्याला ती हलकी वाटते. ज्याच्या नावाने होते त्याच्या घरी ती संध्याकाळच्या जेवणाला ताटात बसलेली असते. अशा माणसाला शेवटची, निर्णायक पेनल्टी घ्यायला पाठवले गेले. चुकली असती तर? मेक्सिकोत त्याला राहता आले असते का, हा प्रश्नच आहे. ती चुकली नाही. पुढे तो २०१४ आणि २०१८ अशा दोन विश्वचषकांत मेक्सिकोकडून खेळला.

आणि कास्त्रो? एकाच रात्री त्याच्या अंगाला लागून गोल झाला आणि त्याच रात्री त्याचा पाय घसरला. दोन्हींत त्याचा हेतू काय वाईट होता? चेंडू अडवायला तो जागेवर उभा होता म्हणून चेंडू त्याला लागला. जो जागेवरच नव्हता त्याला लागणार कसा? पेनल्टी मारायला तो पुढे आला म्हणून घसरला. त्या शंभर-सव्वाशे मिनिटांत कितीतरी चुका कितीतरी जणांनी केल्या, त्या कोणाच्या लक्षातही नाहीत. गर्दीला मात्र एक नाव लागते. ते मिळाले की गर्दी शांत झोपते.

आणखी एकाचे नाव घ्यायला हवे. आमेरिकाचा आघाडीपटू क्रिस्तियान बेनितेस, इक्वेडोरचा. या विजयानंतर तो कतारमधील संघात गेला आणि दोनच महिन्यांनी, २९ जुलै २०१३ रोजी, तेथे अचानक वारला. वय सत्तावीस. अझ्टेकावरील ती रात्र त्याची आमेरिकाच्या पोशाखातील शेवटची ठरली.

शाप की आणखी काही?

या पराभवानंतर मेक्सिकोतील वर्तमानपत्रांत आणि गल्लीबोळांत एक शब्द घोळू लागला: 'माल्दिसिओन', म्हणजे शाप. क्रूस आसूलला शाप लागला आहे! आकडे पाहिले तर क्षणभर कोणालाही तसे वाटेल. १९९९ मध्ये अंतिम फेरीत पाचुकाकडून हार. २००८ मध्ये एकाच वर्षात दोनदा हार, सांतोसकडून आणि तोलुकाकडून. २००९ मध्ये मोंतेर्रेकडून. मग २०१३. त्यानंतर २०१८ मध्ये पुन्हा आमेरिकाकडून, २-०, दोन्ही गोल एदसोन आल्वारेस या एकट्या पोराचे. सहा अंतिम सामने, सहा पराभव.

पण थोडे थांबून पाहू. १९९९ चा संघ आणि २०१८ चा संघ यांत किती खेळाडू समान होते? प्रशिक्षक वेगळे, खेळाडू वेगळे, मैदाने वेगळी. एक सामना जादा वेळेतील गोलाने गेला, एक पेनल्टीवर, एक सरळ सरळ खेळात. २०१३ चे दोन्ही गोल उंच चेंडूवर, डोक्याने झाले. थकलेला बचाव आणि गोलासमोरची गर्दी हे त्याचे कारण. ते कारण सरावाच्या मैदानात सापडते, मांत्रिकाकडे नव्हे. आणि वर सांगितलेला नियमही विसरून चालणार नाही. बाद फेरीत नशिबाचा वाटा वाढतोच. ज्या संघाला खरोखर काही जमत नाही तो सहा वेळा अंतिम फेरीत पोचतच नाही. त्याच्या नावाने क्रियापदही तयार होत नाही.

शापाच्या बोलण्यात एक सोय मात्र असते. शाप म्हटला की व्यवस्थापनाला कोणी जाब विचारत नाही. क्रूस आसूलच्या कारभाराविषयी विचारण्यासारखे बरेच होते. सहकारी संस्थेची सूत्रे १९८८ पासून गियेर्मो आल्वारेस कुएवास यांच्या हाती होती. त्यांचे वडीलही पूर्वी संस्थेचे प्रमुख होते. सभासदांत तट पडले, आरोप झाले, प्रकरणे न्यायालयात गेली. २०२० मध्ये पैशांच्या अफरातफरीच्या प्रकरणात त्यांच्या नावे अटकेचा हुकूम निघाला, ते पद सोडून गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांना अटक झाली. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवील. पण १९२ कामगारांनी उभी केलेली संस्था एकाच घराभोवती इतकी वर्षे का फिरत राहिली, हा प्रश्न न्यायालयाचा नाही, सभासदांचा आहे.

त्याच २०२० च्या डिसेंबरात उपान्त्य फेरीत क्रूस आसूलने पहिला सामना पुमास संघाविरुद्ध ४-० असा जिंकला. दुसऱ्या सामन्यात ४-० असाच हरून तो संघ बाहेर पडला! 'क्रूसासूलेआर' या शब्दाला त्या आठवड्यात उसंत मिळाली नाही.

आणि सहा महिन्यांनी शाप संपला. म्हणजे काय झाले? हुआन रेनोसो नावाचे पेरू देशाचे गृहस्थ प्रशिक्षक म्हणून आले. १९९७ च्या विजेत्या संघाचे ते कर्णधार होते. त्यांच्या हाताखाली संघाने साखळीत सलग बारा सामने जिंकले. अंतिम फेरीत सांतोसच्या घरी लुइस रोमोच्या गोलावर १-० असा विजय. ३० मे २०२१ रोजी अझ्टेकावर आधी गोल खाल्ला, तेव्हा हजारो घरांत कोणाला घास गिळवला नसेल. मग एक्कावन्नाव्या मिनिटाला उरुग्वेच्या होनातान रोद्रिगेसने बरोबरी केली आणि उरलेला वेळ संघाने नीट सांभाळला. महामारीमुळे मैदानात प्रेक्षक मोजकेच होते. शिट्टी वाजली तेव्हा क्रूस आसूलच्या गोलासमोर उभा होता तोच होसे दे हेसुस कोरोना, ज्याने आठ वर्षांपूर्वी त्याच मैदानावर मुन्योसचा चेंडू आत जाताना पाहिला होता. मधल्या काळात त्याने संघ सोडला नव्हता.

हासोच्या कारखान्याचे मात्र तसे झाले नाही. एप्रिल २०२२ मध्ये कारखान्याच्या ताब्यावरून दोन गटांत हाणामारी झाली आणि आठ माणसे मारली गेली. १९३१ साली ज्या दारातून कामगार आत शिरले होते, त्याच कारखान्याच्या आवारात. फुटबॉलच्या पराभवावर मेक्सिकोत जेवढी शाई खर्च झाली त्याच्या तुलनेत या आठ जणांवर किती झाली, याचा हिशेब कोणी मांडलेला लेखकाच्या पाहण्यात नाही.

२६ मे २०२४ रोजी, तारीखही तीच, क्रूस आसूल आणि आमेरिका पुन्हा अझ्टेकावर अंतिम सामन्यात भेटले. एन्री मार्तिनच्या पेनल्टीवर आमेरिका जिंकला. आणि १ जून २०२५ रोजी क्रूस आसूलने उत्तर व मध्य अमेरिका खंडाचा चषक जिंकला, कॅनडाच्या व्हँकुव्हर संघावर ५-० असा. त्या सामन्यात त्र्याण्णवाव्या मिनिटाला काय झाले हे कोणी पाहिलेही नसेल.